स्टँड कोणाच्या उंचीचा?

मी वरसे गावातून बोलतेय. बचत गटांच्या समन्वयाचं काम करते, त्यामुळे माझ्या बोलण्यात हिशेब येतोच. तो आजही येणार आहे, पण जरा उशिरा.

मागे आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत एका खर्चावरून पाऊण तास वाद झाला. रक्कम अठराशे रुपये आणि वस्तू माइकचा स्टँड. "लोखंडाच्या नळीला अठराशे? साडेसहाशेला मिळतो तो का नको?" असं एका वहिनींनी विचारलं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. महिना शंभर रुपयांची बचत धरली, तर ती अठरा जणींची महिनाभराची बचत होते. वाद मिटला नाही, पुढच्या बैठकीवर गेला. बीएला माझा इतिहास होता. म्हटलं, तोवर या नळीचा इतिहास तरी बघू.

सुरुवात करते माइक नव्हता तेव्हापासून. १८८९ च्या डिसेंबरात मुंबईत राष्ट्रीय काँग्रेसचं अधिवेशन झालं आणि त्याला जोडून सामाजिक परिषद भरली. पंडिता रमाबाई तिथे बोलायला उभ्या राहिल्या. समोर मोठा समुदाय, बहुतेक सगळे पुरुष. आवाज मागेपर्यंत जाईना. तेव्हा रमाबाईंनी काय केलं ते त्यांच्या चरित्रात सांगतात. त्या थांबल्या, सभा शांत होऊ दिली, आणि म्हणाल्या की माझा आवाज लहान आहे यात नवल नाही, बाईला आवाज मोठा करायची संधी तुम्ही कधी दिलीच नाहीत. शब्द मी माझे वापरतेय, आशय त्यांचा आहे.

त्या काळात सभा गाजवायची तर छातीत दम लागायचा. लोकमान्य टिळक १९२० साली गेले. त्यांची सगळी भाषणं लोकांनी उघड्या कानांनी ऐकली, कर्ण्यातून नाही. बायकांची अडचण दुहेरी होती. एक तर लहानपणापासून "हळू बोल" हे ऐकलेलं, आणि दुसरं म्हणजे मोठ्याने बोललं की लोक ओरडते म्हणतात. हे दुसरं अजून गेलेलं नाही.

कर्णा आला तो अमेरिकेतून. १९१५ साली नाताळच्या आदल्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोत मोठ्या गर्दीला त्यातून गाणी आणि भाषणं ऐकवली. आपल्याकडे हे काम ज्यांनी सभांमध्ये नेलं, त्यांत एक नाव नानिक मोटवाने यांचं. मुंबईतली त्यांची कंपनी 'शिकागो रेडिओ' या नावाने ओळखली जायची. १९३१ च्या कराची काँग्रेसला त्यांचे कर्णे होते. गांधीजी, नेहरू यांचे जुने फोटो नीट बघा. माइकपाशी इंग्रजीत 'शिकागो रेडिओ' लिहिलेली पट्टी अनेक फोटोंत दिसते. मला लहानपणी वाटायचं की हे फोटो शिकागोला काढलेत.

त्या काळी माइकला स्टँड का लागायचा, हे समजून घेतलं तर वस्तूची किंमत कळते. सुरुवातीचे माइक कोळशाचे होते. एका डबीत कोळशाचे बारीक दाणे, त्यावर पातळ पडदा. आवाजाने पडदा हलला की दाणे दाबले जायचे आणि वीज कमी-जास्त व्हायची. पण डबीला जरा धक्का लागला तरी खरखर सुरू. म्हणून ती डबी एका लोखंडी कड्यात चारी बाजूंनी स्प्रिंगांवर टांगायची आणि कडं जड बैठकीच्या दांड्यावर बसवायचं. बैठक बिडाची, म्हणजे आपले जुने डोशाचे तवे असायचे त्या धातूची. ढकललं तरी हलायचं नाही.

पुढे माइक बदलत गेले, लहान झाले, हातात मावू लागले. दांडा मात्र जवळजवळ तसाच राहिला. खाली जड बैठक किंवा तीन पाय, एका नळीत दुसरी नळी, मध्ये आवळायचा नट आणि वरच्या टोकाला आटे. जगभर हे आटे मुख्यतः दोन मापांचे, पाच सुती आणि तीन सुती. आठ सूत म्हणजे एक इंच, हे सुतारकाम बघितलेल्यांना माहीत आहे. एका मापाचा माइक दुसऱ्या मापाच्या स्टँडला लावायचा तर मध्ये एक छोटी पितळी बोंडी लागते. पन्नास-साठ रुपयांची ती बोंडी हरवली की अख्खी सभा थांबते.

आता उंचीकडे येते. जुने फोटो बघताना मला एक गोष्ट फार लागली. गांधीजी प्रार्थनासभेत खाली बसून बोलायचे. मग माइक कुठे? खाली, त्यांच्या तोंडाशी. बुटका दांडा आणून समोर ठेवलेला. "उठून उभे राहा, माइक वर आहे," असं त्यांना कोणी म्हटलं नाही. म्हणजे दांडा खाली येतो, ही सोय तेव्हाही होती. कोणासाठी खाली आणायचा, एवढाच प्रश्न होता.

८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत गवालिया टँकवर गांधीजी बोलले. रात्र उलटायच्या आत धरपकड सुरू झाली आणि पुढाऱ्यांच्या तोंडासमोरचे माइक गेले. दुसऱ्या दिवशी त्याच मैदानात अरुणा असफ अलींनी झेंडा फडकवला. आणि त्याच महिन्यात बावीस वर्षांच्या उषा मेहतांनी साथीदारांबरोबर गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. पोलिसांना माग लागू नये म्हणून मुंबईत जागा बदलत बदलत तो चालवला, तो १२ नोव्हेंबर १९४२ ला पकडला जाईपर्यंत. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. नानिक मोटवाने यांनाही या प्रकरणात अटक झाली होती, खटल्यात ते सुटले. सभेत मोजक्याच बायकांना माइक मिळायचा त्या काळात एक मुलगी लपूनछपून देशाला बातम्या देत होती. आपण आज या रेडिओवर परवान्यासकट, चहा पीत बोलतो, म्हणून मुद्दाम आठवण काढली.

गाण्यातली एक गोष्ट सांगते. १९४९ च्या 'महल' सिनेमात लतादीदींचं ते गाजलेलं गाणं आहे ना, लांबून जवळ येत गेल्यासारखं वाटणारं? माइक खोलीच्या मधोमध उभा होता आणि दीदी कोपऱ्यातून गात गात त्याच्याकडे चालत आल्या, असं त्यांनीच सांगितलेलं आहे. आज जे बटणाने होतं, ते तेव्हा पावलांनी केलं. त्यामागचा हिशेब साधा आहे. मोकळ्या जागेत तोंडापासून माइकचं अंतर दुप्पट झालं की माइकपर्यंत पोहोचणारी आवाजाची ताकद चौथ्या हिश्श्यावर येते. म्हणजे वीतभर अंतरावर बोलणाऱ्या बाईसमोरून माइक दोन विती झाला, की तिचं बोलणं पाव उरलं. स्टँड आपल्या उंचीचा नसला की नेमकं हेच होतं.

१९७२ नंतरच्या महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर मुंबईच्या बायका रस्त्यावर आल्या, तेव्हा त्यांनी हातात थाळ्या आणि लाटणी घेतली. थाळीला स्टँड लागत नाही. तो आवाज सरकारला ऐकू गेला. पण थाळी वाजवून "आमच्या वाडीतली पाइपलाइन तिसऱ्या वळणावर फुटली आहे" हे सांगता येत नाही. त्यासाठी बोलावं लागतं, आणि बोललेलं कळावं लागतं.

पाइपलाइनचं उदाहरण मी उगाच घेतलं नाही. काही वर्षांपूर्वी एका गावच्या ग्रामसभेला मी गेले होते. आपल्याकडे स्थानिक स्वराज्य संस्थांत बायकांना २०११ पासून निम्म्या जागा आहेत, ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असाही नियम आहे. त्या दिवशी व्यासपीठावर बायका होत्या, समोरही होत्या. साठीच्या पुढच्या एक काकू पाण्याबद्दल बोलायला उठल्या. आदल्या महिलासभेत त्यांनी सगळं मुद्देसूद सांगितलं होतं. स्टँड होता पुरुषाच्या उंचीला. नट गंजून बसलेला, तो काही फिरेना. माइक हातात घ्यावा तर तो काळ्या टेपने स्टँडलाच गुंडाळलेला. काकूंच्या कपाळासमोर माइक. त्या टाचा उंचावून बोलल्या, आणि कर्ण्यातून लोकांना ऐकू आलं ते फक्त शेवटचं "...पानी नाय." मागून कोणीतरी हसलं. काकू बसल्या. पुढचा विषय सुरू झाला. तो नट फिरवायला कोणी उठलं नाही, मीसुद्धा नाही. मी वही घेऊन लिहीत बसले होते.

त्यानंतर आम्ही स्वतःचा स्टँड घ्यायचा ठरवला. घेतला, साडेसहाशेचा, तीन पायांचा, वर तिरका दांडा असलेला. वाईट नव्हता. हलका, घडी होणारा, एसटीत मांडीवर घेऊन नेता येणारा. पहिल्या पावसाळ्यात आमच्या खोलीत त्याला गंज धरला. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, भिंतींना ओल येते तिथे नळीचं काय! वरचा मुलामा पातळ असला की आधी पापुद्रे सुटतात. मग आम्ही शहाणपणा केला. आमच्यातल्या एकीने शिलाई मशीनचं तेल आणलं आणि सगळीकडे सोडलं, मधल्या नटातसुद्धा. आठ मार्चच्या कार्यक्रमात पाहुण्या बोलत होत्या आणि माइक हळूहळू खाली सरकत होता. पाहुण्या वाकत गेल्या. सगळ्या हसल्या, त्याही हसल्या. नंतर साउंडवाल्या दादांनी समजावलं, "ताई, ही नळी घट्ट धरते ती घासण्यावर. आत तेल गेलं तर धरणार कशी?" तेल बाहेरून पुसायला, पायांच्या खिळ्यांना. मधल्या पकडीला कोरडं फडकं, बस्स.

दीड वर्षाने तो स्टँड गेला. नळी चांगली, पाय चांगले, पण तीन पाय जिथे एकत्र येतात तिथला प्लास्टिकचा तुकडा चिरला. तो तुकडा सुटा मिळत नव्हता आणि वेल्डिंगवाला प्लास्टिकला काही करू शकत नव्हता. जर्मनीत वेर्टहाइम नावाच्या गावी १९४९ पासून स्टँड बनवणारी एक कंपनी आहे. ती स्टँडचे भाग सुटे विकते, म्हणून त्यांचे जुने स्टँड पुन्हा उभे राहतात. ते आपल्या खिशातलं नाही. पण आपल्या मंडपवाल्यांकडचे बिडाच्या बैठकीचे जुने दांडे बघा. रंग उडालाय, बैठकीवर कोणा मंडळाचं नाव अर्धवट दिसतंय, तरी उभे आहेत. त्यांत मोडण्यासारखं कमी आहे. आटे झिजले तर लेथवाला नवे पाडून देतो.

मग बैठकीत मी हिशेब मांडला. साडेसहाशेचा दीड वर्षं चालला, म्हणजे महिन्याला छत्तीस रुपये. अठराशेचा पाच वर्षं चालला तर महिन्याला तीस. सहा रुपयांचा फरक, फार नाही. वहिनी म्हणाल्या, "आणि पाच वर्षं नाही चालला तर?" बरोबर होतं. म्हणून आम्ही किमतीकडे बघणं सोडलं आणि दुकानात जाऊन चौघींनी स्टँड हाताळून बघितले. नट आमच्या हाताने फिरतो का, की पुरुषी जोर लागतो? पाय जोडलेत तिथे धातू आहे की प्लास्टिक? पूर्ण खाली केला तर खुर्चीवर बसलेल्या बाईच्या तोंडाशी येतो का? माइक लावून तिरका दांडा लांब केला तर स्टँड कलंडतो का? दुकानदार वैतागला, पण थांबला. शेवटी अठराशेचा नाही आणि साडेसहाशेचाही नाही, अकराशेचा घेतला. गोल लोखंडी बैठक, सरळ दांडा, मधली पकड धातूची. तिरका दांडा वेगळा, सव्वादोनशेचा. वजनाला जड आहे, दोघींना धरावा लागतो. एक फायदा आम्हाला नंतर कळला. माइक हातात धरला की बांगड्यांची किणकिण कर्ण्यातून येते. स्टँड असला की हात मोकळे आणि किणकिण बंद.

आम्ही त्या नळीवर नेलपॉलिशने तीन रेघा ओढल्यात. वरची उभ्याने बोलणाऱ्या उंच बायकांची, मधली आमच्यासारख्यांची आणि खालची बसून बोलणाऱ्यांची. माइक लावणारी पोर आधी बोलणारीकडे बघते, मग नट फिरवते. खालच्या रेघेला आमच्यात 'काकूंची रेघ' म्हणतात. काकू आमच्या गावच्या नाहीत, त्यांना हे माहीतही नाही.

स्टँड आज इथे नाही. शेजारच्या गावातल्या गटाने हळदीकुंकवाला नेलाय, भाडं पन्नास रुपये. गुरुवारी परत यायचा आहे. येताना पितळी बोंडी विसरू नका, एवढा निरोप मी त्यांना याच रेडिओवरून देतेय.