एसक्यूएल पॅकेज म्हणजे काय? आयबीएमच्या सर्व्हरवरून ते अधूनमधून डिलीट का करतात?

आयबीएमने १९८८ मध्ये 'एएस/४००' हा सर्व्हर जाहीर केला. पुढे नावं बदलत गेली. २००८ पासून त्याची ऑपरेटिंग सिस्टीम 'आयबीएम आय' या नावाने ओळखली जाते. बँका, कारखाने, गोदामं अशा अनेक ठिकाणी ती आजही काम करते. डीबी२ हा डेटाबेस तिच्यातच असतो.

पॅकेजमध्ये असतं काय?

एक्सेल किंवा एखादं बिलिंग सॉफ्टवेअर डेटाबेसला प्रश्न विचारतं, तेव्हा डेटाबेस आधी उत्तर शोधायचा मार्ग ठरवतो: कोणता इंडेक्स वापरायचा, कोणतं टेबल आधी वाचायचं. तोच प्रश्न पुन्हा आला तर सगळा विचार नव्याने नको, म्हणून प्रश्नाचा मजकूर आणि ठरवलेला मार्ग साठवून ठेवतात. ही साठवण म्हणजे एसक्यूएल पॅकेज. त्यात ग्राहकांचा डेटा नसतो. त्यामुळे पॅकेज डिलीट केलं तरी खात्यातला एक रुपयाही हलत नाही.

मग अडचण कुठे येते?

पॅकेज फक्त वाढत जातं. त्यातला एकच जुना प्रश्न वेचून काढता येत नाही, काढायचं तर अख्खं पॅकेज. ते भरलं की नवे प्रश्न चालतात, पण साठवले जात नाहीत आणि दर वेळी सगळी तयारी पहिल्यापासून होते. ओडीबीसीने जोडलेल्या प्रोग्रामच्या पॅकेजचं नाव प्रोग्रामच्या नावातली पहिली सात अक्षरं आणि सेटिंग्जवरून ठरणारी तीन अक्षरं मिळून बनतं. सेटिंग बदललं की नवं पॅकेज तयार होतं, जुनं तसंच पडून राहतं. ही पॅकेजेस बहुतेकदा 'क्यूजीपीएल' या लायब्ररीत सापडतात.

कधी डिलीट करायचं?

ऑपरेटिंग सिस्टीमचं व्हर्जन बदललं, डेटाबेसचे मोठे पॅच टाकले, पॅकेज भरलं किंवा खराब झालं, तर. 'सर्व्हर स्लो झाला, उडवा पॅकेजेस' हा उपाय मात्र अनेकदा अंदाजपंचे असतो. इंडेक्सच नसेल तर पॅकेज उडवून काय होणार?

वेळ मात्र नीट निवडावी लागते. वापरात असलेलं पॅकेज डिलीट होत नाही, आधी डेटाबेसच्या जोडण्या बंद कराव्या लागतात. शिवाय डिलीट केल्यावर प्रत्येक प्रश्नाचा मार्ग पुन्हा ठरतो. सकाळी काउंटरवर रांग लागलेली असताना हे केलं, तर तो भार नेमका तेव्हाच पडेल. म्हणून रात्रीची किंवा सुट्टीची वेळ बरी.

सगळ्यात मोठा धोका सरसकट डिलीट करण्यात आहे. ओडीबीसीची पॅकेजेस पुढच्या वापराच्या वेळी आपोआप तयार होतात. पण दुसऱ्या सर्व्हरवरच्या डेटाबेसशी बोलणाऱ्या प्रोग्रामची काही पॅकेजेस मुद्दाम तयार करावी लागतात. ती गेली तर प्रोग्राम 'उणे ८०५' ही एरर देऊन थांबू शकतो. पॅकेजमधला मजकूर छापून बघायची कमांड सिस्टीममध्येच आहे, ती आधी चालवली की कोणतं पॅकेज कुणाचं याचा अंदाज येतो.