उलाळ न होणाऱ्या गाडीचा व्हीली बार

बैलगाडीत मागच्या बाजूला ओझं जास्त झालं की जू वर उचललं जातं आणि गाडी मागे कलंडायला बघते. याला गाडी उलाळ झाली म्हणतात. गाडीवान दोन पोती पुढे सरकवतो आणि वाटेला लागतो. अमेरिकेत पाव मैलाच्या शर्यतीत उतरणाऱ्या मोटारी उलाळ व्हायला लागल्या, तेव्हा त्यांच्या मालकांकडे पुढे सरकवायला पोती नव्हती. त्यांनी मागे नळ्या जोडल्या आणि नळ्यांच्या टोकाला बोटभर रुंदीची चाकं लावली. हा व्हीली बार. गंमत अशी, की आज तो ज्या गाड्यांना अगदी जीव लावून बसवला जातो, त्यातल्या काही कधीच उलाळ होऊ शकत नाहीत.

ड्रॅग रेसिंग म्हणजे सरळ रेषेत, थांबलेल्या स्थितीतून, ४०२ मीटर. कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तळ्यांवर आणि रस्त्यांवर हा नाद वाढला. १९५० साली सांता आना इथल्या विमानतळाच्या धावपट्टीवर त्याला रीतसर जागा मिळाली आणि १९५१ साली वॉली पार्क्स यांनी एनएचआरए ही संस्था काढली. पुढची दहाबारा वर्षं सगळ्यांची तक्रार एकच, चाकं जागच्या जागी फिरतात. मग गुळगुळीत, मऊ, चिकट रबराचे स्लिक टायर सुधारत गेले, क्रायसलरचं ४२६ हेमी इंजिन आलं. १९६५ साली काही कारखान्यांनी दोन्ही आख पुढे सरकवून गाड्या बांधल्या, म्हणजे वजन मागच्या चाकांवर यावं. ते आलंही. इतकं आलं, की पुढची चाकं आभाळाकडे बघायला लागली.

त्याच सुमाराला डॉज ए-१०० या छोट्या पिकअपच्या केबिनमागे हेमी इंजिन ठेवून ‘लिटल रेड वॅगन’ तयार झाली. बांधली होती शर्यतीसाठी, पण सुटताक्षणी ती घोड्यासारखी मागच्या पायांवर उभी राहायची. बिल गोल्डन यांनी या खोडीचंच दुकान मांडलं आणि वर्षानुवर्षं लोकांना उभी गाडी पळवून दाखवली. हर्स्ट कंपनीने प्लिमथ बॅराकुडाच्या मागच्या मोठ्या काचेखाली इंजिन बसवून ‘हेमी अंडर ग्लास’ काढली. ही तमाशाची मंडळी. शर्यत जिंकायला निघालेल्यांना मात्र ही कसरत परवडणारी नव्हती. पुढचं चाक हवेत असेल तर सुकाणू कशाला वळवायचं? म्हणून मागे बार लावायचा. लहान मुलाच्या सायकलला आधाराची चाकं लावतात, त्यातलाच प्रकार.

या बारची एक वाईट सवय लवकरच ध्यानात आली. तो जमिनीवर जोरात टेकला की गाडीचा भार स्वतःकडे ओढतो आणि मागचे टायर हलके करतो. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला हे म्हणजे आधार देणाऱ्यानेच पायाखालची फळी काढून घेण्यासारखं. म्हणून जाणकार तो जमिनीपासून थोडा वर ठेवतात. गरज पडली तर टेकावा, एरवी नुसता सोबत असावा. ही वाईट सवय लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट तिच्यावर आहे.

दरम्यान साध्या मोटारींचं जग उलटं फिरत होतं. १९५९ साली अ‍ॅलेक इसिगोनिस यांची मिनी आली. इंजिन आडवं, पुढच्याच चाकांना जोर. १९७२ साली होंडा सिव्हिक आली. आपल्याकडे पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडर मागून ढकलत होत्या, त्या रस्त्यांवर १९८३ साली मारुती ८०० पुढून ओढत आली. ही गाडी घेऊन पावसाळ्यात लाल मातीच्या चढावर गेलेल्यांना हा धडा पुस्तकाशिवाय मिळालेला आहे. डिकीत तांदळाची पोती, मागे चार माणसं, आणि पुढची चाकं चिखलात नुसती गरगरतायत. मग कोणीतरी शहाणा माणूस गाडी वळवतो आणि रिव्हर्समध्ये वर चढवतो. आता जोराची चाकं उताराच्या बाजूला असतात, वजन त्यांच्यावर येतं आणि गाडी मुकाट चढते.

ड्रॅगवाल्याला उलटं धावायची सोय नाही. १९९० नंतर दक्षिण कॅलिफोर्नियात, पामडेलच्या वाळवंटातल्या पट्टीवर जपानी गाड्यांच्या ‘बॅटल ऑफ द इम्पोर्ट्स’ शर्यती भरू लागल्या. तिथे पोरांनी आणलेल्या सिव्हिक म्हणजे बाजारहाटाच्याच गाड्या होत्या, फक्त इंजिनात टर्बोची भर. ताकद वाढत गेली आणि मारुतीच्या चढाचीच कथा सपाट जमिनीवर सुरू झाली.

हिशेब सोपा आहे. चालकासकट १००० किलोची गाडी, दोन आखांमधलं अंतर २.५७ मीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच. उभी असताना पुढे ६०० किलो, मागे ४००. ती १ जी, म्हणजे खाली पडणाऱ्या वस्तूइतक्या, वेगवाढीने सुटावी असं आपल्याला हवंय. त्या वेळी सुमारे १९५ किलो भार पुढून उठून मागे जातो. ज्या चाकांनी ओढायचं, त्यांच्यावर उरतात ४०५. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत हेच १९५ किलो कामाच्या चाकांवर पडतात. आणि पुढून चालणारी गाडी उलाळ तर होऊच शकत नाही, कारण पुढची चाकं उचलली की जोरच संपला.

मग तिला व्हीली बार कशाला? त्या वाईट सवयीसाठी. बार मागच्या आखाच्या १.५ मीटर मागे टेकवला आणि मागचा सगळा भार टायरऐवजी त्याने घेतला असं समजू. आता गाडीचे टेकू २.५७ नव्हे, ४.०७ मीटर अंतरावर आहेत. मागचा टेकू जितका दूर, तितका त्याचा वाटा कमी. उभ्या गाडीतच पुढे सुमारे ७४७ किलो येतात आणि सुटताना १९५ ऐवजी १२३ किलोच मागे जातात. पुढे उरतात ६२४. कुठे ४०५ आणि कुठे ६२४. मागच्या टायरवरचा भार पळवणं हा जुन्या गाडीतला दोष, इथे त्याच दोषासाठी बार विकत घ्यायचा. प्रत्यक्षात मागचे टायर पूर्ण मोकळे सोडता येत नाहीत, त्यामुळे आकडा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसतो.

इथे मागच्या सस्पेन्शनचा प्रश्न येतो आणि गॅरेजमध्ये सगळ्यात जास्त वाद त्यावरच होतात. कडक स्प्रिंग टाकली की वजन मागे जात नाही, असं छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. ते चुकीचं आहे. किती भार मागे जायचा ते गुरुत्वमध्याची उंची, टेकूंमधलं अंतर आणि वेगवाढ ठरवतात. स्प्रिंगच्या हातात फक्त एवढंच, की गाडी किती बसेल आणि किती झटपट बसेल. तेही कमी नाही. मागचा भाग बसला की नाक वर येतं, पुढची चाकं खाली लोंबतात, त्यांचा कोन बिघडतो आणि रुंद स्लिक टायर कडेवर उभा राहतो. १९८८ नंतरच्या सिव्हिकचं मागचं सस्पेन्शन रस्त्यावर सुखाचं, आणि म्हणूनच इथे अडचणीचं.

काहींनी शॉक-अ‍ॅब्सॉर्बर काढून त्या जागी सरळ लोखंडी दांडाच ठोकला. मागचं हलणंच बंद. नाक वर येण्याचा त्रास यात खूप कमी होतो, पण अशा गाडीला बार जमिनीपासून वर ठेवून बसवला तर तो निव्वळ शोभेचा. मागचे टायर सगळा भार घेतात, गाडी बसत नाही आणि बार टेकतच नाही. म्हणून मागून ताठ केलेल्या गाडीत बार आधीपासून जमिनीवर दाबून ठेवावा लागतो. दुसरा मार्ग उलटा आहे. मागची स्प्रिंग मऊ ठेवायची आणि बार ताठ. दोघं एकाच ओझ्याखाली असले की ताठ असेल तो जास्त उचलतो, त्यामुळे भार आपोआप बारकडे वळतो. यात बार जिथे जोडलाय ती जागा मजबूत हवी. साध्या पत्र्याच्या बॉडीला बोल्ट मारून भागत नाही, पत्रा वाकतो आणि बारने मिळवलेलं तिथेच जिरून जातं.

माझं मत विचाराल तर बार आणि स्प्रिंग वेगवेगळ्या दिवशी घेणारा माणूस दोनदा पैसे घालवतो.

बाकीच्या युक्त्या याच सुताने येतात. पेट्रोलची टाकी आणि बॅटरी मागे न ठेवता नाकात. पुढच्या आखाच्या अर्धा मीटर पुढे ठेवलेलं २० किलोचं ओझं पुढच्या चाकांवर २४ किलोंचं काम करतं. मागे सायकलसारखे अरुंद टायर, त्यात हवा टणक. चालक स्टीफन पापाडाकिस यांनी तर नळ्यांच्या सांगाड्यावर फक्त सिव्हिकचं रूप चढवलेली गाडी पळवली. तिथे बार जोडायला पत्र्याची मनधरणी करावी लागत नाही, तो सांगाड्याचाच भाग होतो. २००१ साली एनएचआरएने या गाड्यांसाठी स्वतंत्र मालिका सुरू केली, तेव्हा तिथे पोहोचलेल्या पुढून ओढणाऱ्या गाड्यांच्या मागे लांबच लांब शेपट्या दिसत होत्या. नाव मात्र कोणी बदललं नाही. मागून ढकलणाऱ्या गाडीचा व्हीली बार, पुढून ओढणाऱ्याही गाडीचा व्हीली बारच.

४०२ मीटर संपले की चालक पाय उचलतो, ब्रेक दाबतो, वेग फारच असेल तर पॅराशूट सोडतो. त्या क्षणी सगळं वजन पुढे धावतं, बार जमिनीवरून सुटतो, आणि इतका वेळ ज्यांच्यावरचा भार पळवला त्या दोन अरुंद मागच्या टायरनाच गाडी सरळ ठेवावी लागते.