बटाट्यावरील किडींचे जैविक नियंत्रण : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
एकोणिसाव्या शतकात मुंबईहून जलमार्गाने दासगाव-महाडला यावे आणि पोलादपूरच्या बाजूने घाट चढून महाबळेश्वर गाठावे, अशी वहिवाट होती. महाड-पोलादपूरच्या भातशेतीच्या माथ्यावरील त्या थंड हवेच्या ठिकाणी बटाटा रुजला. त्याच्या लागवडीत तेथील तुरुंगातील चिनी कैद्यांचाही वाटा होता. पीक ज्या वाटेने येते, त्याच वाटेने त्याची कीडही येऊ शकते. प्रस्तुत लेखात अशा दोन किडींचा व त्यांवरील जैविक उपायांचा मागोवा घेतला आहे.

पाकोळी :
१९०६ मध्ये इटलीहून मुंबई इलाख्यात आलेल्या बेण्याबरोबर बटाट्यावरील पाकोळी भारतात शिरली. तिची अळी शेतात पाने पोखरते आणि अरणीत साठवलेला बटाटाही नासवते. परदेशातून येणाऱ्या किडींना अटकाव करणारा कायदा मात्र १९१४ मध्ये झाला. पुढे १९६० च्या दशकात कोपिडोसोमा कोहलेरी हा दक्षिण अमेरिकेतील परोपजीवी कीटक भारतात आणण्यात आला. तो पाकोळीच्या अंड्यात आपले अंडे घालतो. त्या एकाच अंड्यापासून अनेक जीव निर्माण होऊन अळीला आतून संपवतात. महाराष्ट्रातही बटाट्याच्या शेतात त्याचे प्रसारण करण्यात आले.

सूत्रकृमी :
१९६१ मध्ये निलगिरीतील उदकमंडलम येथे बटाट्यावरील पुटी-सूत्रकृमी प्रथम आढळला. मादीच्या मृत शरीराची कठीण पुटी बनते. तीत शेकडो अंडी असतात व ती वीस वर्षांहूनही अधिक काळ जमिनीत जिवंत राहू शकतात. सूत्रकृमीची अंडी खाणारी पर्प्युरिओसिलियम लिलॅसिनम ही बुरशी व सुडोमोनास फ्लुरोसेन्स हा जिवाणू यांमुळे त्याची संख्या घटते. निर्मूलन होत नाही. म्हणूनच पिकांची फेरपालट व १९८५ मध्ये प्रसारित झालेल्या 'कुफरी स्वर्णा'सारख्या प्रतिकारक्षम वाणाची जोड आवश्यक ठरली. २०१८ मध्ये हिमाचल प्रदेश, उत्तराखंड व जम्मू-काश्मीरमधील बेण्याच्या वाहतुकीवर केंद्र शासनाला निर्बंध घालावे लागले.

निष्कर्ष :
दोन्ही उदाहरणांत जैविक नियंत्रण हे कीड स्थिरावल्यानंतरचे साधन ठरले. पाकोळीचा शत्रू अंड्यापर्यंत पोहोचू शकतो. पुटीचे कवच मात्र सूत्रकृमीला दीर्घकाळ संरक्षण देते. त्यामुळे मित्रकीटक वा बुरशी हा बेण्याच्या तपासणीला पर्याय ठरू शकत नाही. निरोगी बेणे हीच नियंत्रणाची पहिली पायरी होय, हेच या शतकभराच्या इतिहासातून स्पष्ट होते.