ओडिनचे ३०० हिट पॉइंट्स

मागच्या शनिवारी आमची दीड वर्षं चाललेली डन्जन्स अँड ड्रॅगन्सची मोहीम अर्ध्या तासात आटोपली. मी डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट सांगणारा, राक्षस चालवणारा आणि वर पंच. वाळवंट, शापित किल्ला, हेरांचं गाव असा तीन बैठका पुरेल एवढा मालमसाला लिहून ठेवला होता. आमच्या सतराव्या लेव्हलच्या जादूगारीण बाईंनी एका मंत्राने खलनायक कुठे बसलाय ते बघितलं, दुसऱ्याने सगळ्यांना थेट त्याच्या दिवाणखान्यात उतरवलं, आणि तिसऱ्याने... असो. मंडळी खूष होती. मी घरी येऊन जुनी पुस्तकं उघडून बसलो, की हे फक्त माझंच होतंय का?

तर नाही. पन्नास वर्षं सगळ्यांचंच होतंय.

हा खेळ १९७४ साली आला, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा. दोघेही टेबलावर छोटी सैन्यं मांडून लढाया खेळणारे, त्यामुळे त्यांच्या डोक्यात पुढचा रस्ता स्पष्ट होता. पात्र पहिल्या लेव्हलला तळघरात उंदीर मारतं, नवव्या लेव्हलला लढवय्या 'लॉर्ड' होतो, स्वतःचा किल्ला बांधतो आणि आसपासच्या मुलखातून दरडोई वर्षाला १० सोन्याची मोहोर वसूल करतो. थोडक्यात, ताकद वाढली की तळघर संपलं, राज्यकारभार सुरू. मात्र त्याच पुस्तकात असंही म्हटलं होतं की लेव्हल किती वाढावी याला तत्त्वतः मर्यादा नाही. झालं! लोकांनी किल्ल्याचं पान उलटलं आणि हे वाक्य तेवढं धरून ठेवलं.

दोनच वर्षांत चाळिसाव्या लेव्हलचे सरदार गावोगाव हिंडू लागले. गायगॅक्स वैतागला. एप्रिल १९७६ च्या 'स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू' या अंकात त्याने चक्क हिशोब मांडला: वर्षाला ५० ते ७५ वेळा खेळणारा, आणि जगून राहिलेला, खेळाडू ९ ते ११ लेव्हलपर्यंत जाईल, पुढे वर्षाला दोन-तीन. विसावी लेव्हल गाठायला चार-पाच वर्षं. म्हणजे त्याच्या आणि आर्नेसनच्या स्वतःच्या मोहिमा सोडल्या तर तेव्हा जगात कोणीही विसावं असणं शक्य नव्हतं. (कोणाचा अप्रेझल फॉर्म वाचून मॅनेजर असाच हिशोब मांडतो.)

त्याच वर्षी त्याच्या कंपनीने म्हणजे टीएसआरने रॉब कुंट्झ आणि जेम्स वॉर्ड यांचं देवदेवतांचं पुस्तक काढलं. त्यात खुद्द ओडिनला ३०० हिट पॉइंट्स दिलेले. प्रस्तावना लिहिणाऱ्या टिम कास्कचा होरा असा, की देवाची ताकद कागदावर दिसली की चाळिशीतल्या सरदारांना आपलं हसं कळेल. खेळाडूंनी मात्र तो आकडा वाचून वेगळाच अर्थ काढला: ३०० आहेत ना, मग ते शून्यावर आणता येतात. १९८० च्या पुढच्या पुस्तकात झ्यूसला ४०० मिळाले, आणि आपले इंद्र-अग्नीही आकड्यांसकट यादीत होते. त्याच साली आलेल्या एका साहसात तर लोल्थ ही कोळ्यांची देवी फक्त ६६ हिट पॉइंट्स घेऊन शेवटच्या खोलीत बसली होती. बिचारी!

मला स्वतःला सगळ्यात पटतो तो फ्रँक मेंट्झर. त्याने १९८३ ते ८६ मध्ये पाच खोक्यांत खेळ नव्याने बांधला. तिसऱ्या खोक्यात जहागिरी आणि युद्धं, चौथ्यात लेव्हल ३६ ला कुलूप, पाचव्यात पात्र अमर होतं. अमरांच्या सर्वोच्च पदाला पोचलात की सगळं सोडून पुन्हा पहिल्या लेव्हलचा मर्त्य व्हायचं, पुन्हा तिथवर चढायचं, आणि तेव्हा कुठे तुम्ही जिंकलात. चौऱ्याऐंशी लक्ष योनींच्या देशात हे कोणाला नवीन वाटू नये :-)

याच्या दुसऱ्या टोकाला १९८८ चं 'द थ्रोन ऑफ ब्लडस्टोन'. कव्हरवर लिहिलंय, लेव्हल १८ ते १००. शंभर!

पण खरी गोम गणितात आहे, आणि ती २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत उघडी पडली. फासा वीस बाजूंचा. विसाव्या लेव्हलला लढवय्या त्यात २० मिळवतो, जादूगार १०. शत्रूवर वार लागायला २५ हवे असतील तर लढवय्याला ५ पुरतात, जादूगाराला १५ लागतात. हीच चाल चाळीसपर्यंत नेली तर फरक २० चा होतो, म्हणजे एकाचा वार जवळजवळ चुकतच नाही आणि दुसऱ्याचा जवळजवळ लागतच नाही. फासा टाकायचा कशाला? म्हणून अँडी कॉलिन्स आणि ब्रूस कॉर्डेल यांनी २००२ च्या 'एपिक लेव्हल हँडबुक'मध्ये पॅच मारला: विसाच्या पुढे सगळ्यांची वाढ सारख्याच दराने. गणित बरंचसं सावरलं. पण त्याच पुस्तकात स्वतःचे मंत्र रचायची सोय होती, आणि मदतनीस गोळा केले की मंत्राची काठिण्यपातळी उतरत जायची. मग काय, लोकांनी मदतनिसांची फौजच उभी केली. बग एकीकडे बंद, दुसरीकडे चालू.

२००८ च्या चौथ्या आवृत्तीने तीस लेव्हल दिल्या, २०१४ च्या पाचव्याने परत वीसवर आणून आकडेही आवळले. तरीही माझ्या जादूगारीण बाई दिवाणखान्यात पोचल्याच. कारण अडचण शत्रूला किती हिट पॉइंट्स द्यायचे ही नव्हतीच. त्यांना आता रस्त्याची गरज उरली नव्हती, आणि मी अजून रस्तेच लिहीत होतो.

काल परत बसलो. मी १९७४ चं ते उलटलेलं पान काढलं. मेलेल्या खलनायकाचा मुलूख आता यांचा: तीन हजार माणसं, कोठारं रिकामी, कालवा फुटलेला, आणि शेजारचा राजा विचारतोय की यंदाची खंडणी कोण देणार. दहा मिनिटं कोणी फाशाला हात लावला नाही. मग दोघांची करावरून जुंपली, ती रात्री एकपर्यंत चालली. जादूगारीण बाई मंत्रांचं पुस्तक दोनदा चाळून म्हणाल्या, "अरे, कालवा दुरुस्त करेल कोणी, पण गवंड्यांचे पैसे कुठून आणायचे?"