नंबर तोच, खेळ वेगळा



मागे बोईसरजवळच्या एका गावात बचत गटाची बैठक होती. हिशेब संपले, चहा आला आणि एक ताई मनातलं बोलल्या. त्यांची लेक अकरावीला गेली. कॉलेजात हॉकीच्या संघासाठी तिनं नाव दिलं. पोरगी धावायला चपळ, पण निवडीच्या वेळी तिला ऐकावं लागलं, "आता उशीर झाला, हे लहानपणी सुरू करायला हवं होतं." ताई विचारत होत्या, "सतराव्या वर्षी उशीर कसा काय होतो हो?"

प्रश्न साधा आहे. उत्तरासाठी मात्र चाळीस-पंचेचाळीस वर्षं मागे जावं लागतं. चला, जाऊन येऊ.

१९८० साली मॉस्को ऑलिंपिकमध्ये बायकांची हॉकी पहिल्यांदा खेळली गेली. आपल्या मुली तिथं चौथ्या आल्या. पुढे २०२१ साली टोकियोला आपल्या मुली पुन्हा चौथ्याच आल्या. कुणी म्हणेल, एक्केचाळीस वर्षांत काहीच बदललं नाही. पण नंबर तोच असला, तरी खेळ तो राहिला नव्हता.

मॉस्कोला अमेरिकेसह बऱ्याच देशांनी बहिष्कार घातला होता. बायकांच्या हॉकीत एकूण सहा संघ उतरले. ऐन वेळी बोलावलेल्या झिंबाब्वेनं सोनं नेलं! टोकियोला बारा संघ होते आणि जगातले झाडून सारे तगडे देश त्यात होते. त्यातल्या ऑस्ट्रेलियाला आपण १-० असं हरवलं. म्हणजे दुसऱ्या वेळचा चौथा नंबर कितीतरी अवघड होता.

म्हणून जुन्या मुली कमी होत्या असं समजू नका. त्यांचं कसब वेगळं होतं, कारण जमीन वेगळी होती.

त्या काळी आपल्याकडे मुलींची हॉकी असायची ती मुंबई, पुणे, बंगळूर, कोलकाता अशा शहरांत. मिशनच्या शाळा, मोठी कॉलेजं आणि रेल्वे, एवढ्यावरच ती तगून होती. कितीतरी मुली पहिली स्टिक कॉलेजात गेल्यावरच हातात धरायच्या. मैदान गवताचं, नाहीतर मुरमाचं. चेंडू कधी खड्ड्यात अडकणार, कधी उसळून नडगीवर बसणार. अशा जमिनीवर येणारा चेंडू स्टिकनं गप्प अडवणं हेच अर्धं कसब. उरलेलं अर्धं म्हणजे चेंडू स्टिकला चिकटल्यासारखा ठेवून डावीकडे-उजवीकडे झुकवत समोरचीला चकवणं. हे मनगटाचं काम. सतराव्या-अठराव्या वर्षी सुरुवात करूनही चार-पाच वर्षांत ते हाताला बसायचं, कारण समोरचीही तेव्हाच शिकलेली असायची.

याच पिढीतली पुण्यात जन्मलेली एलायझा नेल्सन. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये तिच्या नेतृत्वाखाली भारतानं सुवर्णपदक जिंकलं. १९८३ साली तिला पद्मश्री मिळाली. आपल्या महाराष्ट्राची लेक आहे ती, नाव लक्षात ठेवा.

आणि रेल्वेचंही सांगते. आपल्या पालघर-बोईसरवरून रोज गाड्या धावतात ना, त्याच रेल्वेनं बायकांच्या हॉकीला मोठा आधार दिला. खेळाडू मुलीला नोकरी दिली, सरावाला वेळ दिला. लग्नानंतर खेळ सुटायचा तो त्यामुळे टिकला. देशातल्या स्पर्धांत रेल्वेचा महिला संघ वर्षानुवर्षं वरचढ राहिला, त्यामागे हा पगाराचा आधार होता. कसब नुसतं अंगात असून भागत नाही. त्याला पोटाची काळजी मिटवणारं कुणीतरी लागतं.

मग बदललं काय? पहिली बदलली जमीन. पुरुषांची ऑलिंपिक हॉकी १९७६ पासून टर्फवर गेली. टर्फ म्हणजे प्लास्टिकच्या धाग्यांचा सपाट गालिचा. त्यावर पाणी मारून खेळतात. चेंडू उसळत नाही, सरळ सुसाट जातो. परदेशी मुली त्यावर रोज सराव करू लागल्या, तेव्हा आपल्याकडे असं मैदान विरळाच. आपल्या मुली सराव गवतावर करायच्या आणि सामना टर्फवर खेळायच्या. मॉस्कोनंतर ऑलिंपिकला पुन्हा पोचायला आपल्याला ३६ वर्षं लागली. २०१६ ला रिओला गेलो, तर बारा संघांत बाराव्या.

दुसरे बदलले नियम. १९९८ साली ऑफसाइडचा नियम गेला आणि पुढची खेळाडू थेट गोलपाशी जाऊन उभी राहू लागली. खेळाडू हव्या तितक्या वेळा बदलता येऊ लागल्या, म्हणून पूर्ण वेळ जीव तोडून पळणं आलं. पस्तीस मिनिटांचे दोन भाग जाऊन पंधरा मिनिटांचे चार भाग झाले. लाकडी स्टिकच्या जागी हलकी, कडक स्टिक आली.

तिसरं बदललं ते कसबच. पेनल्टी कॉर्नरला पूर्वी जोरात फटका मारत. आता चेंडू स्टिकला लावून ओढत न्यायचा आणि गोफणीसारखा भिरकवायचा. याला ड्रॅग फ्लिक म्हणतात. पंजाबच्या गुरजित कौरनं ऑस्ट्रेलियाविरुद्धचा तो एकुलता एक गोल पेनल्टी कॉर्नरवरच केला. कंबर, खांदा, मनगट एका लयीत वळायला हवं. लहान वयात अंगवळणी पडलेलं असलं, तरच ते ऐन वेळी साधतं.

ताईंच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. पूर्वी कॉलेज म्हणजे शिकायची सुरुवात होती. आता कॉलेज म्हणजे शिकलेलं दाखवायची जागा झाली आहे. टोकियोची कर्णधार राणी रामपाल हरियाणातल्या गाडा ओढणाऱ्या बापाची लेक. पंधराव्या वर्षीच ती विश्वचषक खेळली होती. आपल्या साताऱ्याकडे बघा. फलटण तालुक्यातल्या वैष्णवी फाळके आणि अक्षता ढेकळे शाळेच्या वयातच पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेल्या आणि भारताकडून खेळल्या. आपल्या पालघरची कॉलेजं मुंबई विद्यापीठाची. तिथल्या संघात जागा मिळवायची, तर आपल्या मुलीला अशा मुलींशी टक्कर द्यावी लागते.

मग आदिवासी पाड्यावरच्या मुलीनं काय करावं? झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यातली सलीमा टेटे बांबूच्या काठीनं खेळत मोठी झाली आणि पुढे भारताची कर्णधार झाली. पण बांबूनं फक्त सुरुवात झाली. त्या भागात गावोगाव मुलींचे सामने होतात आणि चांगली मुलगी दिसली, की तिला घेणारं सरकारी निवासी केंद्र आहे. आपल्या डहाणू-जव्हारच्या मुली डोंगर चढून पाणी आणतात, त्यांच्या पायांत बळ कमी नाही. कमी पडतं ते वेळेवर मिळालेलं मैदान.

त्या ताईंना मी एवढंच म्हटलं, लेकीचं खेळणं बंद करू नका. देशाच्या संघाची वाट कदाचित चुकली असेल, पण कॉलेजचा संघ आहे, पंच होणं आहे, पुढे शाळेत मुलींना शिकवणं आहे. ठरलेल्या स्पर्धांत यश मिळवलं, तर सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षणही आहे. धाकटी मात्र चौथीत आहे ना? तिला आजच काठी-चेंडू द्या.

आणि गटातल्या आपण सगळ्याजणी? शाळेचं मैदान संध्याकाळी कुणाकडे असतं, ते एकदा जाऊन बघा. बहुतेक ठिकाणी मुलगे क्रिकेट खेळत असतात. आठवड्यातले तीन दिवस तासभर मैदान मुलींना द्या, असा अर्ज पुढच्या ग्रामसभेत ठेवता येईल. गटाच्या सह्या घ्या, शिक्षकांना बरोबर घ्या. अर्जाला कागद एक लागतो, पैसा लागत नाही.