मॅकरोनीची खतावणी

इतिहास म्हटला की आपल्या लोकांना घोड्यांच्या टापा ऐकू येतात. आम्हाला भांड्यांचा आवाज ऐकू येतो. कोणता गड कोणी कधी घेतला हे सांगणारे पैशाला पासरी. पण त्या रात्री गडावर काय शिजलं होतं, आणि महिनाअखेर असली तर कशात भागवलं होतं, हे कोणी सांगत नाही. वास्तविक माणसाची कसोटी लढाईच्या दिवशी लागत नाही, पंचवीस तारखेनंतर लागते. पंचवीस ते पगार या दिवसांत ज्या घरात चार माणसं पोटभर जेवून उठतात, त्या घरच्या गृहिणीचा पुतळा चौकात उभारायला आमची हरकत नाही. वर्गणी मात्र एक तारखेनंतर मागावी.

आपल्याकडे या दिवसांसाठी पिठलं आहे, वरणफळं आहेत. अमेरिकेत त्याच कामाला ओव्हनमध्ये भाजलेली मॅकरोनी-चीज आहे. तिला ते कॅसरोल म्हणतात. म्हणजे ज्या भांड्यात भाजायची त्यातच ती टेबलावर आणायची. एक भांडं कमी घासावं लागतं, एवढ्याच मुद्द्यावर आमच्या सौ.ने ती आमच्या घरात मंजूर केली. ठराव कन्येचा, अनुमोदन चिरंजीवांचं.

कृती सोपी आहे. मॅकरोनी उकडायची. लोण्यावर मैदा परतून त्यात दूध घालायचं, दाटसर झालं की किसलेलं चीज टाकायचं. सगळं कालवून भांड्यात पसरायचं, वर शिळ्या पावाचा चुरा भुरभुरायचा आणि तो तांबूस होईस्तोवर भाजायचं. सौ. त्यात सकाळचा उरलेला फ्लॉवरही घालते. तो कुठे गेला हे चिरंजीवांना अजून कळलेलं नाही. बी. कॉम. माणसाला यातली मेख लगेच कळते. महाग वस्तू एकच, चीज. तिला मैद्या-दुधात अशी फिरवायची की घासाघासाला तिचा भास व्हावा. थोडं भांडवल, मोठी उलाढाल. बँकाही याच तत्त्वावर चालतात. आणि सगळ्यांनी एकदम आपापलं चीज परत मागितलं की बसतातही.

आमचा धंदा असा, की नोंद दिसली की तिचं मूळ व्हाउचर पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. तेव्हा ही स्वस्ताई कोणाच्या खात्यातून आली हे बघायला आम्ही पानं मागे उलटत गेलो.

पहिलं व्हाउचर १९३७ सालचं. त्या वर्षी क्राफ्ट कंपनीने ‘क्राफ्ट डिनर’ नावाचा खोका बाजारात आणला. आत मॅकरोनी आणि चीजची भुकटी. किंमत १९ सेंट, जेवणारे चार. पहिल्या वर्षी ८० लाख खोके खपले. (खोके हा शब्द आम्ही त्याच्या मूळ, निरुपद्रवी अर्थाने वापरतो आहोत.) खपणारच. १९२९ साली शेअरबाजार कोसळल्यापासून त्या देशात रोजच पंचवीस तारीख होती. १९३३ साली दर चार कामकऱ्यांमागे एक बेकार होता. त्या वर्षी ६ मार्चला अध्यक्ष रूझवेल्टनी देशातल्या यच्चयावत बँकांना सुट्टी दिली. हे सांगितलं तेव्हा आमच्या शेजारच्या काउंटरवरच्या सहकाऱ्याचे डोळे चमकले. ठेवीदार पैसे काढून बँका बुडवतील म्हणून ती सुट्टी होती हे कळल्यावर तो निमूटपणे नोटा मोजू लागला. पुढे महायुद्धात मांस, लोणी, चीज रेशनवर गेलं. तेव्हा रेशनच्या एका कुपनावर हे दोन खोके मिळत. बिनमांसाचं जेवण तिथल्या घरांत कायमचं रुजलं.

आणखी मागे गेलो तर चित्र पालटतं. १८२४ साली व्हर्जिनियातल्या मेरी रँडॉल्फबाईंच्या पाकपुस्तकात मॅकरोनी, चीज आणि लोण्याचे थर देऊन भट्टीत भाजायला सांगितलं आहे. त्याआधी १७६९ साली इंग्लंडात एलिझाबेथ रॅफाल्डबाईंनी मॅकरोनी आणि पार्मेझान चीजची कृती छापली. तेव्हा मॅकरोनी आणि पार्मेझान दोन्ही इटलीहून जहाजाने येत. चार घरी काम करणाऱ्याच्या चुलीवर ती चढणं शक्य नव्हतं. पंचवीस तारखेनंतरचं हे जेवण मुळात एक तारखेचं!

अमेरिकेत याचं सगळं श्रेय थॉमस जेफरसनच्या खाती जमा असतं. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारा तोच. त्याने १७८९ साली नेपल्सहून मॅकरोनीचं यंत्र मागवलं. १८०२ साली अध्यक्ष असताना पाहुण्यांना मॅकरोनीचा पाय वाढला. मनासी कटलर नावाच्या पाहुण्याला तो आवडला नाही, आणि त्याने तसं डायरीत लिहूनही ठेवलं. जेफरसन १८२६ साली वारला तो लाखावर डॉलरचं कर्ज मागे ठेवून. असला खातेदार समोर आला की आम्ही जमेच्या नोंदी दोनदा तपासतो.

तपासल्यावर एक नाव निघालं. जेम्स हेमिंग्ज. १७८४ साली जेफरसन पॅरिसला गेला तेव्हा या १९ वर्षांच्या मुलाला बरोबर घेऊन गेला, फ्रेंच स्वयंपाक शिकवायला. मुलगा त्याचा नोकर नव्हता, गुलाम होता. तो शिकला, उत्तम शिकला, आणि परत आल्यावर जेफरसनच्या टेबलावरचं फ्रेंच जेवण त्याच्या हातचं होतं. १७९३ साली दोघांत एक कागद झाला. अर्थ असा, की याच्या शिक्षणावर माझा फार खर्च झालेला आहे. तेव्हा याने माझ्या घरी येऊन मी नेमीन त्या माणसाला चांगला स्वयंपाकी करावं, मग हा मोकळा.

आम्ही आजवर पुष्कळ कर्जरोखे वाचले. असा नाही वाचला. नेमलेला माणूस होता पीटर, जेम्सचा सख्खा भाऊ. कर्जदार सुटतो आणि जामीनदार अडकतो हे आम्ही काउंटरवरून नेहमी बघतो, पण इथे जामीनदाराला सही करायलाही कोणी बोलावलं नव्हतं.

फेब्रुवारी १७९६ मध्ये जेम्स सुटला. जाताना त्याने स्वयंपाकघराचा चार्ज दिला. भांड्यांची यादी, त्याच्या स्वतःच्या हस्ताक्षरात, आजही वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे: तांब्याची १९ पातेली, झाकणं १९. पुढे पाच वर्षांत, १८०१ साली, तो वारला. कटलरने नाक मुरडलं ते त्यानंतर.

बदली झालेल्या माणसाचा चार्ज आम्ही अनेकदा घेतला आहे. किल्ली सापडत नाही, एखादं रजिस्टर कमी असतं, शिक्का दुसऱ्याच कपाटात निघतो. जेम्स हेमिंग्जच्या यादीत पातेल्यांना झाकणं बरोबर जुळतात. त्या पातेल्यांपाशी मागे राहिलेला भाऊ तेवढा या यादीत नाही. त्याची नोंद मालकाच्या दुसऱ्या वहीत, शेतीच्या.