डबल पॅकिंग

आमच्याकडं मोटारसायकलला सरसकट फटफटी म्हणायचे. मद्रासची बुलेट १९५५ पासून इथं मिळायला लागली, म्हैसूरची जावा १९६१ ला निघाली आणि पुढच्या वर्षी राजदूत. बुलेट पाटलाच्या नाहीतर फौजदाराच्या बुडाखाली दिसायची. जावा डॉक्टरची, मास्तरची, थोड्या शौकीन माणसाची. तीच पुढं १९७३ ला येझदी झाली. राजदूत मात्र दूधवाल्याची. १७३ सीसीचं एकच सिलिंडर, तीन गिअर आणि मागं दोन्ही अंगांनी लटकवलेले कॅन. जुन्नर-आंबेगावात दुधाचा पैसा वाड्यावस्त्यांवर पोचला, त्यात या गाडीचा वाटा मोठा आहे. त्याबद्दल तिला कुणी हार घातल्याचं मी तरी पाहिलं नाही.

माझे चुलते, तात्या, पहाटे डिंभ्याकडून पोखरी घाट चढायचे. जाताना पेंडीचं पोतं आणि रिकामे कॅन, येताना वरच्या वस्त्यांचं दूध. तेव्हा डिंभे धरणाचं काम चालू होतं, रस्त्यावर डंपरची धूळ असायची. मी सतरा वर्षांचा, दहावीला दोनदा आपटलेला, मंचरला एका गॅरेजात पाने पुसायला होतो. वस्ताद फार बोलायचे नाहीत. शिकायचं ते बघून शिकायचं.

प्लॅटिन लावणं मी असंच शिकलो. सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद पॉइंटच्या फटीत धरायचा, प्लगच्या भोकातून पट्टी घालून पिस्टन किती खाली आहे ते मोजायचं, चाक हळूहळू फिरवायचं. कागद ज्या क्षणी सुटला, त्या क्षणी ठिणगी. जावाला ती पिस्टन टोकाला पोचायच्या तीनेक मिलिमीटर आधी लागते. पॉइंटची टाच झिजली की फट कमी होते, ठिणगी उशिरा पडते आणि गाडी मेल्यासारखी ओढते. कंडेन्सर गेला तर पॉइंट जळून काळे पडतात. निम्म्या गाड्या या दोनच दुखण्यांनी यायच्या.

त्या ठिणगीचं एक सांगायचं राहिलं. तात्यांची गाडी ओसरीपुढून गेली की आमचा ट्रान्झिस्टर खरखरायचा. आजी म्हणायची, "आला मेला, बातम्या खाल्ल्या." पुढं खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या उभ्या राहिल्या, आकाशातले रेडिओ तरंग ऐकणाऱ्या, एकूण ३०. तिथल्या कामावरच्या एकानं मला सांगितलं, की प्लगची ठिणगी म्हणजे एक छोटं रेडिओ स्टेशनच असतं. मार्कोनीचा पहिला बिनतारी संदेशसुद्धा ठिणगीनंच गेला होता. आजीचं बरोबर होतं तर.

आता मूळ गोष्ट. पेट्रोल परवडत नव्हतं, म्हणून कित्येक दूधवाले टाकीत रेशनचं निळं रॉकेल मिसळायचे. कायद्यात बसत नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं. रॉकेलची खोड अशी, की दाब आणि उष्णता वाढली की ते ठिणगीची वाट बघत नाही, आपणच भडकतं. मग इंजिनातून टाळ वाजल्यासारखा टणटण आवाज येतो आणि पिस्टन मार खातं. वस्तादांचा तोडगा साधा होता. हेडखाली एकाऐवजी दोन पॅकिंग घालायचे. हेड जरा वर उचललं जातं, दाब उतरतो. पॉइंटही थोडे मागं घ्यायचे. गाडी ढिली पडते, पण जगते.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्याच महिन्यात एका कॉलेजच्या पोराची येझदी आली होती. त्याला पळायला पाहिजे होती. वस्तादांनी तिचं हेड लेथवर अर्धा मिलिमीटर उतरवलं, पॉइंट पुढं घेतले, आणि पोरगं अशी गाडी उठवून गेलं की मी दिवसभर रस्त्याकडंच बघत बसलो. वाटलं, आपल्या तात्यांनाही असा घाट चढता आला पाहिजे.

रात्री गोठ्यात कंदील लावून मी राजदूतचं हेड खोललं. दोन पॅकिंग दिसले. म्हटलं, कुणाची तरी चूक. एक काढून फेकलं. खिडकीच्या काचेवर पॉलिश पेपर ठेवून हेड तासभर घासलं, पॉइंट पुढं घेतले. सकाळी तात्या म्हणाले, "आरं, हिला काय पाजलंस?" छाती फुगली माझी.

तिसऱ्या दिवशी पोखरी घाटात, पेंडीच्या पोत्यासकट, पिस्टनच्या डोक्याला रुपयाएवढं भोक पडलं. वैशाख होता. वर वस्त्यांवर साठेक लिटर दूध वाट बघत होतं. तात्या चालत वर गेले, जीप मिळेपर्यंत उन्हं डोक्यावर आली, दूध नासलं. ज्या बायकांचं होतं त्यांना तात्यांनी दर दिला, पदरचा. ते फेडायला तीन आठवडे गेले, आणि वर पिस्टन.

मला ते रागावले नाहीत. "मला पळायचं नव्हतं रं, पोचायचं व्हतं," एवढंच. मला ते शिव्यांपेक्षा जड गेलं. वस्तादांनी भोकाकडं बघितलं, "दुसरं पॅकिंग कुठंय?" विचारलं, आणि मी गप्प राहिल्यावर जुन्या पातेल्याचा पत्रा आणि कात्री पुढं ठेवली. "काप." दोन पत्रे वाया गेले, तिसरा बसला. जरा वाकडा, पण बसला.

१९८५ नंतर शंभर सीसीच्या जपानी जातीच्या गाड्या आल्या आणि राजदूत हळूहळू गोठ्यात गेल्या. येझदीचा कारखाना १९९६ ला बंद पडला. २०१८ ला जावा नव्यानं बाजारात आली, तेव्हापासून आजोबांची जावा बाहेर काढणारे नातू माझ्याकडं येतात. प्लॅटिन काढून सीडीआय बसवा, हेड घासून द्या म्हणतात. सीडीआय मी आनंदानं बसवतो. टाच नाही, झीज नाही. हेडाला हात लावायच्या आधी मात्र विचारतो, गाडी कुठं न्यायची आहे, मागं ओझं काय असणार. पोरं वैतागतात.

तात्या गेल्यावर त्यांची राजदूत खोलली. कार्बन खरवडला. हेडखाली दोन्ही पॅकिंग होते, एक वस्तादांचं, एक माझं वाकडं. आता पेट्रोलवरच चालवायची, तर एक काढायला हरकत नव्हती. दोन्ही पुसले, परत बसवले आणि नट आवळले. पाचव्या किकला लागली.